चाळीस पुस्तकांतला जासूद

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. सगळी पुस्तकं वाचलीत का, आणि दिवसभर बसून कंटाळा यायचा नाही का. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याचंही नाही असंच आहे, पण ते कुणाला पटत नाही. या अंकाच्या संपादकांनी तऱ्हेवाईक वाचकांविषयी लिहा असं कळवलं आहे. तसे वाचक पुष्कळ भेटले. शेवटचं पान आधी वाचून मग पुस्तक घरी न्यायचं की नाही ते ठरवणारे एक वकील होते. पुस्तकातल्या प्रत्येक ‘परंतु’खाली पेन्सिलीनं रेघ मारणारं कुणीतरी होतं, ते कोण हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. पण मी लिहिणार आहे ते एका खेळाविषयी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो मी तयार केला. त्याआधी कधी केला नव्हता, नंतरही केला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, लोको शेडमध्ये. लग्न होऊन शिरूरला आले आणि तिथल्या एका वाचनालयात लागले. ग्रंथपाल, लेखनिक आणि झाडणारी, तिन्ही मीच. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांची बाकं, मागच्या खोलीत कपाटं, मधे लाकडी काउंटर. वाचकानं कपाटापाशी जायचं नाही असा तेव्हा नियम होता. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, म्हणजे ते वाचनालयात कितवं आलं तो आकडा. वाचकानं यादी बघून आकडा सांगायचा, मी आत जाऊन पुस्तक आणायचं. शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवलेला असतो, त्यावर परत करायच्या तारखेचा शिक्का मारायचा. पुस्तकाची तब्येत त्या कागदावर कळते. कादंबऱ्यांचे कागद वर्षभरात भरून जात, वर दुसरे चिकटवावे लागत. मागच्या दोन कपाटांतल्या अडीचशेएक पुस्तकांच्या कागदांवर मात्र एकही शिक्का नव्हता. गुरांचे रोग, विहिरींचं बांधकाम, दोरखंडाच्या गाठी, मधमाशा, आकाशातले तारे, रंगाऱ्याचं काम अशी ती पुस्तकं. कुणीतरी कधीतरी देणगी दिलेली.

वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा. तळेगाव ढमढेऱ्याकडचे बागायतदार, उसाच्या राजकारणातले. माणूस वाईट नव्हता. एकदा ते कपाटांपुढे उभे राहिले, दोनचार पुस्तकं काढून मागचे कोरे कागद बघितले.

“बाई, हे कोन वाचतं?”

“कुणी नाही, आप्पा.”

“मग ठिवायचं कशाला? मे महिन्याच्या सभेत ठराव घालू. ज्याच्यावर शिक्का न्हाई ते रद्दीत. जागा व्हईल तर दोन बाकं बसतील.”

मी म्हटलं, “मेपर्यंत वेळ आहे ना?”

“हाय की. तुमी काय करनार मेपर्यंत?”

काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. पण त्या पुस्तकांचा मला थोडा लळा होता. दौंडला आमच्या वस्तीतल्या विहारात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात पन्नासेक पुस्तकं. त्या पेटीत जे होतं ते आम्ही वाचलं, कारण दुसरं काही नव्हतं. शिवणयंत्राच्या दुरुस्तीचं एक पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. आमच्या घरात शिवणयंत्र नव्हतं.

कल्पना सुचली ती शब्दकोशावरून. शब्दकोशात एखाद्या शब्दापुढे अर्थ नसतो, ‘अमुक शब्द पाहा’ एवढंच असतं. तिथं जावं तर तिथंही कधी ‘तमुक पाहा’. मला वाटलं, एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात असं माणसाला नेता येईल. गोष्ट चिठ्ठ्यांवर लिहायची आणि एकेक चिठ्ठी एकेका पुस्तकात ठेवायची. वाचणारा हाच गोष्टीतला माणूस. चिठ्ठीच्या शेवटी त्याला दोन वाटा द्यायच्या. ही वाट धरायची असेल तर हा क्रमांक मागा, ती धरायची असेल तर तो मागा.

गोष्ट साधीच होती. तुम्ही एक जासूद. घोड नदीच्या काठावरच्या छावणीतून एक मोहोरबंद खलिता घेऊन निघालात, तो डोंगरातल्या किल्ल्यावर पोचवायचा. पहिली चिठ्ठी क्रमांक एकशे पंधरामध्ये. नदी उथळ पाण्यातून चालत ओलांडायची की नावाड्याला उठवायचं, तिथून सुरुवात. घोड्याचं पोट दुखायला लागलं की गुरांच्या रोगांचं पुस्तक उघडून उपाय शोधायचा. रात्री दिशा चुकली की ताऱ्यांचं पुस्तक. म्हणजे नुसती चिठ्ठी वाचून चालायचं नाही, पुस्तकाची पानं उलटावी लागायची. चाळीस पुस्तकांत चाळीस चिठ्ठ्या ठेवल्या. एका वहीत त्यांची नक्कल आणि एक नकाशा माझ्याजवळ ठेवला. मग वर्तमानपत्रांच्या खोलीत पाटी लावली: “जासूद होऊन खलिता पोचवायचा असेल त्यांनी क्र. ११५ मागावा.”

दोन दिवस कुणी मागितला नाही. तिसऱ्या दिवशी जमादार आले. ते पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार, रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचणारे. त्यांनी चष्मा पुसला, पहिली चिठ्ठी वाचली, नावाड्याला उठवलं. मी आतून पुस्तकं आणत राहिले. तासाभरानं ते काउंटरवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, मी या धर्मशाळेत तिसऱ्यांदा आलोय. मानूस त्योच, भाकरी तीच. इथनं सुटका हाय का?”

नव्हती. मी वही काढून बघितली. धर्मशाळेतून घाटात, घाटातून पायवाटेनं, पायवाटेनं परत धर्मशाळेत, असं मीच लिहून ठेवलं होतं. शिकाऊ माणसाची पहिली चूक ही. दुसरी लवकरच कळली. पुस्तकाची प्रत एकच. एखाद्यानं ते घरी नेलं की मागचे सगळे तिथं अडकून बसायचे. पण घरी नेल्याशिवाय शिक्का पडत नाही, आणि शिक्का तर मला हवा होता. मग मी नियम केला की पुस्तक न्या, पण आठवड्याच्या आत परत आणा.

तिसरी चूक चूक आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. चाळीसपैकी नऊ चिठ्ठ्यांत जासूद मरत होता. नदीत वाहून जाई, कड्यावरून पडे, साप चावे, वाघ खाई. त्या चिठ्ठ्यांखाली ‘पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा’ असं लिहिलेलं. असा खेळ करणाऱ्याला मी आज एवढंच सांगेन की नायकाला मारणं फार सोपं असतं. पुढं काय लिहायचं ते सुचलं नाही की मी मारून मोकळी होत होते.

महिन्याभरात खेळ चालायला लागला. हायस्कूलची मुलं येत, पेठेतले एक शिंपी येत, मार्केट यार्डातले दोघे हमाल शनिवारी येत. मधमाशांचं पुस्तक घरी नेऊन एकानं खरोखर वाचलं आणि त्यातलं एक प्रकरण चुकीचं आहे असं मला येऊन सांगितलं. कोऱ्या कागदांवर शिक्के पडत होते.

खेळणाऱ्यांत एक हौसाबाई होत्या. मुलींच्या शाळेत शिपायाचं काम करायच्या, चाळिशी ओलांडलेल्या. शाळा सुटली, वर्गांना कुलपं लागली की यायच्या आणि दाराजवळच्या बाकावर बसायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायच्या. त्यांचा जासूद सावध होता. कुठं घाई करायचा नाही, अनोळखी माणसाच्या हातचं खायचा नाही. बाकीचे चारचारदा मरून आले तरी हौसाबाई एकदाही मेल्या नव्हत्या. मी तसं त्यांना म्हटलं तर म्हणाल्या, “न्हाई मरायचं. कागद पोचवायचा हाय ना.”

एप्रिलच्या मध्यात त्या विहिरीपाशी आल्या. विहीर क्रमांक सहाशे बारामध्ये होती, विहिरींच्या बांधकामाच्या पुस्तकात. भर दुपार, जासूद तहानलेला, घोडा तहानलेला, रस्त्याकडेला एक जुनी विहीर. खेळणाऱ्या प्रत्येकाला तिथून जावंच लागायचं. थांबून कुणाची वाट बघायची असेल तर क्रमांक तीनशे सात. पागोटं सोडून काठावरून वाकून पाणी काढायचं असेल तर चिठ्ठी उलटून वाचायची.

हौसाबाईंनी चिठ्ठी उलटली. घोडा तहानलेला म्हणून उलटली असावी. मागची बाजू वाचली. मग चिठ्ठी पुस्तकात ठेवली, पुस्तक माझ्यासमोर आणून ठेवलं. “हे नेते,” एवढंच म्हणाल्या. मी शिक्का मारला.

आठवडा झाला, दोन झाले, महिना होत आला, पुस्तक आलं नाही. हौसाबाईही आल्या नाहीत. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. विहिरीपाशी सहासात जण अडकले आणि रोज विचारायला लागले. जमादार तर खुर्ची ओढून काउंटरपाशीच बसायचे. मी जरा चिडूनच त्यांना म्हटलं की हौसाबाई पुस्तक अडवून बसल्या आहेत, सभा तोंडावर आली आहे.

“काय लिवलंय त्या चिठ्ठीत?” त्यांनी विचारलं.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. चिठ्ठीची मागची बाजू अशी होती: “तोल गेला. विहीर खोल होती. तुमचा प्रवास इथे संपला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. क्र. ११५.”

जमादारांनी वाचलं, चष्मा काढून हातात धरला.

“तिची धाकटी बहीन हुती, सुमन. वरवंडकडं दिली हुती. लग्नाला वरीस झालं नसंल. विहिरीत गेली.”

मी वही मिटून घेतली.

“तवा मी तिकडं नेमनुकीला हुतो. पंचनाम्यावर अक्षर माझं हाय. पानी शेंदताना पाय घसरून, असं लिवलं.”

“घसरला होता का?”

“लोकांनी सांगितलं ते लिवलं,” जमादार म्हणाले. मग त्यांनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर विहिरीच्या पुस्तकाची चौकशी त्यांनी केली नाही.

हौसाबाई दौंडला भावाकडे गेल्याचं शाळेच्या पहारेकऱ्याकडून कळलं. मुदत उलटलेलं पुस्तक घरी जाऊन आणणं हा आमच्या कामाचाच भाग असतो, आणि दौंडला माझं माहेर. रविवारी मी एसटीनं निघाले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून हमरस्त्यानं. वरवंडला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावरून विहिरी दिसत नाहीत. टपऱ्या, बैलगाड्या आणि लिंबाखाली बसलेली माणसं दिसली. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. चूक झाली, चिठ्ठी काढून टाकते, माफ करा, असं काहीतरी.

भाऊ रेल्वेत गँगमन होता. क्वार्टरच्या पडवीत हौसाबाई कुरडया वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या, पदरानं हात पुसले.

“बाई, तुमी कशाला आल्या उन्हाच्या? मी आननारच हुते.”

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. पुस्तक आतून आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

“जमादारांनी सांगितलं मला,” मी म्हटलं. “मला ठाऊक नव्हतं, हौसाबाई. ती चिठ्ठी मी काढून टाकते.”

त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

“काढू नका,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी काढली म्हंजी विहीर जाती व्हय? ती हायेच तिथं.”

“मग काय करू?”

“तुमी लिवलंय, पुन्हा पयल्यापासनं सुरू करा. कुनाला सांगताय ते? जो खाली गेला त्याला का जो वर हाय त्याला?”

ते वाक्य लिहिताना मी कुणाचाच विचार केला नव्हता. चिठ्ठी संपवायची होती म्हणून लिहिलं होतं.

हौसाबाईंनी पुस्तक माझ्याकडून परत घेतलं आणि उघडलं. आत बस तिकिटांच्या खुणा घातलेल्या होत्या. ते पुस्तक कुणा इंजिनिअरनं लिहिलेलं, रुक्ष, नुसती मापं आणि आकृत्या. हौसाबाईंनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. बोट धरून वाचायला त्यांना महिना लागला होता.

“हे बघा, चौसष्ट पान.” त्यांनी ओळीखाली बोट धरलं. “विहीर बांधताना आतल्या अंगाला दर दीड फुटावर एक लांब दगड बाहेर काढून ठिवायचा. पाय ठिवायला. मानूस पडलं तर धरून वर येतंय. कायदाच हाय म्हना की बांधायचा. मला ठावंच न्हवतं.”

“तिकडच्या विहिरीला होते का?”

“मी त्या दिवशी वाकून बघितलं हुतं. नुसतं पानीच दिसलं. पन दगड न्हवते, हे आता कळलं. तवा काय बघायचं ते म्हाईत न्हवतं.” त्यांनी पुस्तक मिटलं. “तुमच्या विहिरीला ठिवा. तुमी लिवनार, तुमाला कोन अडवतंय?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विनंतीही नव्हती. शाळेत खडू संपलेत, आणा, असं मुख्याध्यापिकेला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. परत जाताना कुरडयांचा पुडाही दिला.

शिरूरला आल्यावर मी सहाशे बाराची चिठ्ठी नव्यानं लिहिली. ती अवघड गेली नाही, कारण काय लिहायचं ते मला सांगितलेलं होतं. पण ती लिहून झाल्यावर बाकीच्या आठ चिठ्ठ्या तशाच ठेवणं जमेना. साप, वाघ, कडा, नदी, विष, सगळीकडे जाऊन माणसाला परत आणायचं होतं. त्यासाठी मला ती पुस्तकं वाचावी लागली. तोपर्यंत मी ती चाळलीच होती. कड्यावरून लटकलेल्याला कोणती गाठ वर ओढते, वाहत्या पाण्यात घोड्याच्या कोणत्या बाजूला राहायचं, हे सगळं त्या बिनशिक्क्याच्या पुस्तकांत होतं. मला पंधरा दिवस लागले. त्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वाचलं ते त्या पंधरा दिवसांत.

मेच्या शेवटी सभा झाली. आप्पांनी चाळीस पुस्तकं टेबलावर मांडायला लावली आणि एकेकाचा शेवटचा कागद बघितला. गुरांच्या रोगांच्या पुस्तकावर एकोणीस शिक्के होते.

“शिक्के पडलेत खरं,” आप्पा म्हणाले. “पन बाई, खेळासाठी नेलं का वाचाया नेलं?”

“दोन्ही, आप्पा.”

“बरं. शब्द म्हंजी शब्द. ज्याच्यावर शिक्का हाय ते ऱ्हाईल. बाकीचं काढा.”

बाकीची दोनशेच्या वर होती. मी चाळीसच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आणि पुस्तकं निवडताना हाताला लागली ती घेतली होती. दोनशे पुस्तकं हातगाडीवर गेली तेव्हा वरच्या थरात भांड्यांना कल्हई करण्याचं एक पुस्तक मला दिसलं. तिथं एक चिठ्ठी सहज ठेवता आली असती. आप्पांचा यात काही दोष नाही. त्यांनी वेळ दिला होता. कोणती पुस्तकं राहणार हे ठरवायचं काम नकळत मी माझ्याकडे घेतलं, आणि ते मी नीट केलं नाही. पुढच्या नोकरीत नवं पुस्तक आलं की दाखल करायच्या दिवशीच मी ते स्वतःच्या नावावर घरी न्यायची, म्हणजे त्याच्यावर एक तरी शिक्का असायचा. आमच्या सहकाऱ्यांना ती माझी खोड वाटायची.

खेळ फार दिवस चालला नाही. मुलांना क्रमांक पाठ झाले, चिठ्ठ्या घामानं आणि बोटांनी विटल्या, काही हरवल्या. जमादार मात्र किल्ल्यापर्यंत पोचले. शेवटची चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, “खलित्यात काय हुतं?” ते मी लिहिलंच नव्हतं. मला सुचलंच नव्हतं की कुणी विचारील. ते म्हणाले, “असू द्या. आपलं काम पोचवायचं.”

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात हौसाबाई आल्या. दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि सहाशे बारा मागितला. मी पुस्तक दिलं. पुढचं लागेल म्हणून तीनशे सातही कपाटातून काढून काउंटरवर ठेवलं.

त्यांनी चिठ्ठीची पुढची बाजू वाचली. थांबायचं की वाकायचं हे त्यांना आता ठाऊक होतं, तरी त्यांनी चिठ्ठी उलटली. मी शिक्क्याची शाई भरत होते, पण त्यांचं बोट ओळीखालून सरकताना मला दिसत होतं. त्या बाजूला आता असं लिहिलेलं होतं: “तोल गेला. तुम्ही पाण्यात आहात. पान ६४ उघडा. तिथं सांगितलेले दगड तुमच्या डाव्या हाताला आहेत. पहिला धरा. घाई नाही. वर आल्यावर क्र. ३०७ मागा.”

त्यांनी पान चौसष्ट उघडलं. ते त्यांना पाठ असणार. तरी ओळ न् ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत. मग चिठ्ठी जागेवर ठेवली आणि पुस्तक घेऊन काउंटरपाशी आल्या.

मी तीनशे सात त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते हातानंच मागं केलं.

“पुढचं नगं, बाई,” त्या म्हणाल्या. “वर आली की ती घरी जाती. खलिता दुसऱ्या कुनी न्यावा.”